आईच्या ओट्यावर कोंबडी

ओव्हन आला त्या दिवशी मी शाळेत शिकवून घरी आले, तर बैठकीत मधोमध हे एवढं मोठं खोकं आणि त्याच्याकडे पाठ करून बाबा खुर्चीत बसलेले.

"तुझ्या भावानं पाठवलं," ते म्हणाले. "पुण्याहून. बिस्किटं भाजायचा डबा."

"कबाब होतात त्यात, बाबा."

"कबाब कोळशावर होते. डब्यात पाव होते."

झालं. इथूनच माझं डोकं फिरायला लागलं आणि पुढचे दोन आठवडे ते फिरतच राहिलं. खरं सांगायचं तर अजूनही ते पुरतं जागेवर आलेलं नाही.

बाबा एकोणऐंशीचे. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, टूल रूममध्ये अख्खी नोकरी काढलेली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून काही वर्षं भाड्याच्या घरात काढली आणि पाचेक वर्षांपूर्वी आम्ही सदर बाजाराजवळ दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. आई चार वर्षांपूर्वी गेली. भाऊ पुण्यात. मी लग्न केलेलं नाही, म्हणजे सगळ्यांच्या हिशेबानं रिकामी, मग बाबा माझ्याकडे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते उगाच सांगत नाही. पण यंदाच्या हिवाळ्यात बाबांच्या छातीनं दगा दिला. अकरा दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर काढून घरी आले तेव्हा काट्यावर शेहेचाळीस किलो भरले. माझ्या आठवीतल्या पोरी याहून जड असतात.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "देखिए मैडम, दो बातें. धुआँ बिल्कुल नहीं, अगरबत्ती का भी नहीं. और वज़न. ऐसे ही घटता रहा तो अगली खाँसी में मैं कोई वादा नहीं कर सकता. अंडा, चिकन, जो खाएँ वो खिलाइए, लेकिन खिलाइए."

खिलाइए म्हणे. सांगायला काय जातं! मी वरण दिलं, बाजूला सारलं. अंडं उकडलं, पिवळं काढून बशीत ठेवलं आणि पांढऱ्याचा एक तुकडा चघळत बसले. खिचडी, मऊ भात, मुगाचं कढण, सगळ्याला एकच उत्तर, "भूक नाही." हॉटेलातून चिकनचा रस्सा मागवला तर वास घेतला आणि तोंड फिरवलं. आणि मग एक दिवस, मी काट्यावर उभं करून पंचेचाळीस वाचलं आणि रडायच्या बेतात आले, तेव्हा हळूच म्हणाले, "कबाब करून दे. ते खाईन."

कबाब म्हणजे काय हे आमच्या घरात समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र सांगावं लागेल.

खमरियाच्या क्वार्टरला मागं अंगण होतं. आईच्या स्वयंपाकघरात कोंबडी कधी आली नाही. ती खात नव्हती, तिच्या माहेरी कोणी खात नव्हतं, आणि लग्न ठरतानाच म्हणे बोलणं झालं होतं की मुलगा खातो, पण घराबाहेर. म्हणून दर रविवारी अंगणात सिगडी पेटायची. सिगडी म्हणजे लोखंडी बादलीला आतून माती लिंपून केलेली कोळशाची शेगडी. तिच्यावर बाबांच्या सळया. बारा सळया होत्या. गोहलपुरच्या एका लेथवाल्याकडे बाबांनी स्वतः उभं राहून घासून घेतलेल्या, चौकोनी, म्हणजे तुकडा फिरत नाही, एका टोकाला पीळ, दुसऱ्या टोकाला अशी धार की बोटात शिरली तर कळायचंही नाही. कारखान्यातले मित्र जमायचे. बाबा उभ्यानं सळया फिरवायचे, वरून तेलाचा बोळा लावायचे, आणि सगळे म्हणायचे, "वाह भाई, कारीगर के हाथ का कबाब!"

आता ऐका, त्या कारागिराचं सामान कोण तयार करायचं. मसाला आई वाटायची. जिनं आयुष्यात तुकडा तोंडात घातला नाही ती आलं-लसूण वाटून, दही बांधून टांगून, बेसन कोरडं भाजून, सगळं मीठमिरचीसकट एका भगुण्यात तयार करून अंगणाच्या पायरीवर ठेवायची. चव न घेता. आणि कधीही मीठ चुकलं नाही. मग सिगडीपुढे पाट टाकून बसायची, हातात बांबूचा पंखा. कोळसा शेवटी शेवटी लाल ठेवायचा तर एकसारखा वारा लागतो, जास्त नाही, कमी नाही, आणि तो वारा तिच्याइतका कोणाला जमत नव्हता. बाबा उभे, ती बसलेली. धूर कुठं जातो? चरबी कोळशावर ठिपकली की भसकन पांढरा लोट उठायचा आणि ती पदर नाकाला लावून तोंड वळवायची, पण हात थांबायचा नाही. सगळ्यांचं खाऊन झालं की आंघोळ. जानेवारीत सुद्धा. न्हाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय नाही. मग दुपारी तीन वाजता ओल्या केसांनी ती पिठलं-भात खायची आणि खोकायची.

हे पस्तीस वर्षं चाललं.

मी भावाला फोन केला, म्हटलं, बाबा कबाब मागून राहिले आणि डॉक्टर धूर नको म्हणतात, काय करू? तो म्हणाला, "अगं, ओव्हनमध्ये होतात ना, एकदम सोपं. थांब, ऑर्डर करतो." दोन दिवसांत ओव्हन दारात. दोन दिवसांत! मी पावतीवर सही केलेल्या शेजारच्या दीदींना थँक्यू म्हटलं आणि खोक्याकडे बघत उभी राहिले, तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मी त्या वेळी कोणाला बोलले नाही. पुढं बोलले.

पहिलं भांडण जागेवरून. त्या ओव्हनला मोठा पॉवर प्लग लागतो. आमच्या घरात तसे दोनच, एक गिझरचा आणि एक स्वयंपाकघरात. मी सरळ ओट्यावर मिक्सर सरकवला, ओव्हन ठेवला आणि कोपऱ्यातलं देवघर उचलून माझ्या खोलीत नेलं. बाबा भिंतीला धरून धरून आले, चार पावलांत धाप लागलेली, आणि दारात उभे राहून म्हणाले, "तुझ्या आईच्या ओट्यावर कोंबडी?"

"मग कुठं ठेवू? बाथरूममध्ये?"

"तिनं कधी येऊ दिली नाही. तिचा मान ठेव जरा."

मान! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा ओटा आईनं पाहिलासुद्धा नाही फारसा, या फ्लॅटमध्ये ती जेमतेम सव्वा वर्ष होती, त्यातले सहा महिने पलंगावर. पण पंचेचाळीस किलोच्या माणसाशी काय भांडायचं. नुसतं म्हटलं, "बाबा, खायचंय ना? मग चलो, बसा तिकडे."

रविवारी सकाळी सदरच्या दुकानातून चिकन आणलं. दुकानदाराला म्हटलं, "भैया, थाई का देना, ब्रेस्ट नहीं." तो म्हणाला, "दीदी, पहली बार?" म्हणजे चेहऱ्यावर लिहिलेलं असणार. मी बाहेर खाते, कॉलेजपासून खाते, पण घरात कच्चं चिकन हातानं कधी धुतलं नव्हतं. मसाला मात्र हातातच होता, आईशेजारी बसून शिकलेला. आदल्या दिवशीचं टांगलेलं दही, भाजलेलं बेसन, राईचं तेल, कसुरी मेथी. चार तास मुरवलं.

आणि मग सळया ओव्हनमध्ये जाईनात. बाबांच्या सळया हातभर लांब, ओव्हनचं पोट वीतभर रुंद. तिरप्या घाला, उभ्या घाला, दार लागेना. मग तुकडे नुसतेच जाळीवर मांडले. खाली ट्रे ठेवायला लागले तर मागून आवाज.

"ट्रे काढ."

"पुस्तकात लिहिलंय ट्रे ठेवा म्हणून. रस खाली पडतो."

"रस पडला पाहिजे आणि जळला पाहिजे. चरबी जळते तेव्हाच कबाबाला चव येते. ट्रेमध्ये पडली तर रस्सा होईल. तू मला शिकवून राहिली काय?"

मी विज्ञान शिकवते. बावीस वर्षं शिकवते. तेल तापलेल्या रॉडवर पडलं तर काय होतं हे मी सहावीच्या पोरांना सांगते. आणि तरीही मी ट्रे काढला. काहून काढला? कारण त्यांना खाऊ घालायचं होतं. कारण त्यांनी सांगितलं. कारण या घरात सिगडीपाशी बाबा सांगतील तेच, ही सवय माझ्या हाडात बसलेली. मूर्खपणा माझाच, तो मी कोणाच्या माथी मारत नाही.

सात-आठ मिनिटांत पहिला थेंब खालच्या रॉडवर पडला. मग दुसरा. आणि मग ओव्हनच्या दाराच्या फटीतून जो धूर आला! अंगणात तो वर जायचा, इथं छत डोक्यावर. मी स्विच बंद करायच्या ऐवजी आधी दार उघडलं, ती दुसरी चूक. सगळं स्वयंपाकघर पांढरं झालं. खिडकी उघडेपर्यंत धूर बैठकीत. बाबा खोकायला लागले. आधी नेहमीसारखे, मग थांबेचनात, मग आवाजच येईना, नुसते खांदे वरखाली आणि ओठ निळसर. मी त्यांना अक्षरशः उचलून माझ्या खोलीत नेलं, दार बंद केलं, दाराच्या फटीला टॉवेल कोंबला, नेब्युलायझर लावला. वीस मिनिटं मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले होते आणि हाताखाली एकेक बरगडी लागत होती. आपण बापाला मारलं, हेच डोक्यात चाललं होतं.

दम बसल्यावर मास्क काढून ते पहिलं वाक्य काय बोलले असतील?

"अंगणात करायला पाहिजे होतं."

सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही! मी उठले आणि बाहेर गेले. नाहीतर काय बोलले असते देव जाणे.

संध्याकाळी भावाचा फोन. शेजारच्या दीदींनी त्याला कळवलं होतं, त्यांच्याकडे त्याचा नंबर आहे, असू दे. "अगं, ट्रे कोण काढतं? साधी गोष्ट आहे. व्हिडिओ तरी बघायचा." साधी गोष्ट! मी म्हटलं, "तू ये. महिनाभर रजा काढ आणि साध्या गोष्टी करून दाखव." त्यावर त्याला मीटिंग आठवली.

काट्यावर चव्वेचाळीस.

त्या आठवड्यात मी खरोखर अभ्यास केला. शाळेच्या प्रयोगासारखा, वहीत लिहून. तुकडे जाळीवर ठेवले तर खालून ओलसर राहतात. ते अधांतरी राहायला हवेत, म्हणजे चारी बाजूंनी गरम हवा लागते. खोल ट्रेच्या दोन काठांवर सळई आडवी टेकवायची, खाली ट्रेमध्ये फॉइल आणि बोटभर पाणी, म्हणजे रस पाण्यात पडतो, जळत नाही, धूर नाही. आधी पंधरा मिनिटं रिकामा ओव्हन तापवायचा. बारा मिनिटं एक बाजू, उलटून आठ मिनिटं, आणि शेवटी फक्त वरचा रॉड पूर्ण, दोन मिनिटं, कडा काळ्या होईपर्यंत. दाराशी उभं राहून, नजर न हलवता. बुधवारी शाळेतून आल्यावर बटाट्याचे तुकडे लावून पाहिलं. थोडासुद्धा धूर झाला नाही.

प्रश्न राहिला सळयांचा. बाजारात लाकडी काड्या मिळतात, पाण्यात भिजवून वापरायच्या. मला माहीत होतं. पण बाबांना विचारलं तर म्हणाले, "झाडूच्या काडीवर कबाब? मग भूक नाही." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

अस्सं? ठीक आहे.

शनिवारी अर्धी शाळा असते. मी बाराच्या बारा सळया वर्तमानपत्रात गुंडाळल्या, स्कूटीच्या पायाशी ठेवल्या आणि गोहलपुरला गेले. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये पुडकं उलगडलं. मिस्त्रीनं एक सळई उचलून डोळ्यासमोर धरली, धार पाहिली, पिळावरून अंगठा फिरवला.

"दीदी, ये किसी कारीगर का काम है. सच में काटना है?"

"हाँ. पीळ की तरफ़ से. इतना." मी वीत दाखवली.

"वो फिर से नहीं जुड़ेगा ऐसा."

"काटो भैया."

रागानं कापल्या, हे कबूल करते. गरज होती हेही खरं, पण काढलेले तुकडे भुईवर खण् खण् पडत होते तेव्हा मला बरं वाटत होतं, हे जास्त खरं.

रविवार. ओव्हन तापला, पाणी घातलेला ट्रे, वर सहा सळया आडव्या, दार घट्ट बंद. खिडक्या उघड्या, बाबा माझ्या खोलीत, दार लावून. बारा मिनिटं, उलटलं, आठ मिनिटं. वरचा रॉड लाल झाला आणि कडा करपायला लागल्या, तशी मी वाकून काचेला नाक लावून बसले. वास आला. तोच वास, अंगणातला. अगदी तोच नाही, कोळशाचा भाग वजा. पण आईच्या मसाल्याचा पुरता. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही राग आला.

ताटात सळया तशाच मांडल्या, कांद्याच्या चकत्या, लिंबू, आणि त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलं. बाबांनी ताटाकडे पाहिलं. मग एक सळई उचलली. पीळ नव्हता. कापलेलं टोक चमकत होतं.

"हे काय केलं?"

"ओव्हनमध्ये मावत नव्हत्या."

"माझ्या सळया कापल्या?" आवाज चढला, धाप लागली तरी चढला. "विचारलं नाही, सांगितलं नाही. तीस-चाळीस वर्षांच्या सळया! तुला काय अधिकार होता? तुझी आई असती तर हात लावू दिला नसता तिनं. तिनं कधी माझ्या सामानाला धक्का लावला नाही. आधी तिच्या ओट्यावर कोंबडी आणली, आता हे. तिचं काही शिल्लक ठेवणार आहेस का नाही तू?"

बस्स. चोराच्या उलट्या बोंबा ऐकून घेण्याची माझी ताकद तिथं संपली.

"आईचं नाव काढू नका," मी म्हटलं. ओरडले नाही. ओरडायला हवं होतं, पण आवाज उलट खाली गेला. "तुमचा श्वास अकरा दिवस अडकला तर दोन दिवसांत ओव्हन आला, बाबा. दोन दिवसांत. आई वीस वर्षं खोकली. वीस वर्षं! तिच्यासाठी कोणी काय आणलं? मौसम बदला है, हवा लगी है, टीबी नाही ना, मग झालं. हळद-दूध घे. आणि रविवारी पुन्हा पाटावर, पंखा हातात. शेवटी दवाखान्यात डॉक्टरनं मला काय विचारलं होतं आठवतं? ये बीड़ी पीती थीं क्या? माझ्या आईला! जिनं कधी सुपारी खाल्ली नाही! मी म्हटलं नाही, तर म्हणाले मग फेफड़े ऐसे कैसे. मी काय सांगू? की माझ्या बाबांचे मित्र यायचे रविवारी?"

सळई बाबांच्या हातातच.

"मला माहीत आहे एकट्या रविवारच्या धुरानं माणूस जात नाही. हिवाळ्यात आंघोळीचं पाणीही त्याच सिगडीवर तापायचं, तेही तीच तापवायची. मी विज्ञान शिकवते, मला सगळं कळतं. पण एकदा तरी, पस्तीस वर्षांत एकदा, तुम्ही तिला उठ म्हटलं? जा आत, मी वारा घालतो? तुम्हाला त्या सळयांचा एवढा पुळका. त्यांना गंज लागू नये म्हणून दर महिन्याला तेल लावायचे तुम्ही. तिला?"

एवढं बोलून मी थांबले, कारण पुढचं बोलले असते तर ते परत घेता आलं नसतं. खोलीत नुसता त्यांच्या श्वासाचा घरघर आवाज. मला वाटलं आता ओरडतील, किंवा खोकायला लागतील, आणि मी पुन्हा नेब्युलायझर शोधायला धावेन.

त्यांनी सळई ताटात ठेवली. म्हणाले, "सांगितलं होतं."

"कोणाला? काय?"

"मला. कॉलनीजवळच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई बसायची. तुझ्या आईला घेऊन गेलो होतो, तू तेव्हा बी.एड. करत होतीस. तुझी आई आत कपडे नीट करत होती आणि बाईनं मला बाहेर बोलावून सांगितलं. धूर बंद करा. चूल्हा, सिगड़ी, सब. अभी बंद करेंगे तो रुक जाएगा."

बी.एड. म्हणजे चोवीस वर्षं झाली.

"आईला सांगितलं नाहीत?"

"नाही."

"काहून?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर ती बसली नसती. आणि वारा दुसऱ्या कोणाला जमत नव्हता."

इतकं साधं. एवढंच होतं कारण. मला वाटलं होतं काही तरी निघेल, विसरले, समजलं नाही, ती ऐकायला तयार नव्हती, काही तरी. पंख्याचा वारा चांगला होता म्हणून. माझ्या हातात पाण्याचा पेला होता, तो मी खाली ठेवला, कारण तो मी कुठं तरी फेकला असता. भिंतीवर, किंवा त्यांच्यावर. खोटं कशाला बोलू.

बाबांनी ताट दोन्ही हातांनी पुढं ढकललं. डोळ्यांतून पाणी. "ने हे. मला नको. माझ्या घशाखाली नाही उतरायचं."

आणि इथं, सगळ्यात जास्त, या दोन आठवड्यांत कधी आला नव्हता एवढा राग मला आला. मी ताट उचललं, स्टूल पुढं ओढलं आणि ताट परत त्यांच्यासमोर आदळलं.

"नाही," मी म्हटलं. "असं नाही सुटायचं तुम्हाला. उपास करून आता काय पुण्य लागणार आहे? ती गेली, आता तुम्ही उपाशी राहून जाल, आणि मी दोघांचे फोटो पुसत बसू? हे सगळं मला सांगून, माझ्या डोक्यावर ठेवून, तुम्ही मोकळे? अजिबात नाही. तुम्ही जगायचं. हे आठवत जगायचं. खा."

"पोरी..."

"खा म्हटलं ना."

मी सळईवरून तुकडा ओढून काढला, गरम होता, बोटं भाजली, आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. लहान मुलासमोर धरतात तसा, फक्त माया नव्हती त्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. तोंड उघडलं. चावायला वेळ लागला, रडत चावत होते, मध्येच ठसका लागला तेव्हा मी पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला आणि दुसरा तुकडा धरला. मग तिसरा. चौथा त्यांनी स्वतःच्या हातानं घेतला.

"मीठ बरोबर आहे," खालमानेनं म्हणाले.

"तिचाच मसाला आहे," मी म्हटलं.

त्या माणसानं ताट संपवलं. मी समोर बसून राहिले, शेवटचा घास खाली उतरेपर्यंत. मग त्यांचे हात धुऊन दिले, पुसून दिले, पांघरूण घातलं. ते झोपले असतील किंवा डोळे मिटून पडले असतील. मी विचारलं नाही. माफ केलं नाही, करणार आहे की नाही मला माहीत नाही. स्वयंपाकघरात गेले, ट्रेमधलं पाणी ओतलं, नवं फॉइल लावलं आणि उरलेल्या सहा सळयांवर तुकडे ओवायला बसले, कारण उद्याही त्यांना जेवावं लागणार होतं, आणि परवाही.